शेअर अमेरिकेत, घर फोंड्यात, मग कर कुठे?

2025 च्या नोव्हेंबरअखेर आयकर खात्याने पुष्कळ लोकांना एसएमएस आणि ईमेल धाडले. तुमची परदेशात मालमत्ता असल्याचं आम्हाला तिकडून कळलं आहे, रिटर्नमध्ये मात्र ती दिसत नाही, तेव्हा 31 डिसेंबरपर्यंत सुधारून भरा, असा त्यांचा आशय. आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरातही अशीच मोहीम झाली होती, पण तेव्हा आमच्या वाड्यावर कुणाला काही आलं नव्हतं. या खेपेला आलं. शेजारची मुलगी एका अमेरिकन कंपनीचं काम घरी बसून करते, आणि पगाराबरोबर तिला कंपनीचे शेअरही मिळतात. संध्याकाळी ती नवऱ्याला घेऊन आमच्याकडे आली आणि चहाला हात न लावता मोबाइल पुढे केला.

"काका, मी काही चोरी केली नाही. शेअर कंपनीने दिले. मी विकले. अमेरिकेत कुणी कर मागितला नाही, आणि पैसे अजून तिथल्याच खात्यात पडून आहेत. इथे आणलेच नाहीत, तर सांगायचं काय?"

मी सीए नाही. बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर उमेदीची वर्षं घालवलेला माणूस आहे, एवढंच. पण तिच्या या चार वाक्यांत जे गैरसमज होते, तेच मला लंडनहून सुटीवर आलेल्या भाच्याकडून, दुबईतल्या मित्राकडून आणि जहाजावरून उतरलेल्या तारवट्यांकडून ऐकू येतात. गोव्यात ज्याचं कुणीच परदेशात नाही असं घर शोधावं लागेल. म्हणून हा विषय एकदा नीट मांडावा असं वाटलं.

नारळ वेगळे, भाट वेगळं

तुमच्याकडे माडांचं भाट आहे. पाडेली येतो, नारळ पाडतो, ते विकून पैसे येतात. ते झालं भाटाचं उत्पन्न. शेअरच्या बाबतीत त्याला लाभांश म्हणतात. उद्या तुम्ही भाटच विकलं, आणि आजोबांनी पाच हजारांना घेतलेलं पन्नास लाखांना गेलं, तर मधला फरक हा भांडवली नफा. नारळांवरचा कर वेगळा, भाट विकल्याचा वेगळा. मुदतीप्रमाणेही फरक पडतो. घेतलं आणि लगेच विकलं तर सरकार तुम्हाला व्यापाऱ्याच्या जवळपास धरतं, बरीच वर्षं सांभाळून विकलं तर जरा नरमाई दाखवतं.

आकडे एकदाच सांगून टाकतो. भारतीय बाजारात नोंदलेल्या कंपनीचे शेअर 12 महिन्यांहून जास्त ठेवून विकले, तर वर्षाला पहिल्या 1.25 लाखांच्या नफ्यावर कर नाही, पुढच्या नफ्यावर 12.5 टक्के. त्याआधी विकले तर 20 टक्के. हे दर 23 जुलै 2024 पासून आहेत. परदेशी शेअरला दीर्घ मुदत लागते ती 24 महिन्यांहून जास्तीची. दर तोच, 12.5 टक्के, पण 1.25 लाखांची सूट नाही. 24 महिन्यांच्या आत विकले तर नफा सरळ तुमच्या उत्पन्नात मिसळतो आणि स्लॅबप्रमाणे कर बसतो. या सगळ्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 12.5 चे प्रत्यक्षात 13 होतात.

परदेशी शेअरला ती सूट का नाही? कारण आपल्या शेअरबाजारात प्रत्येक व्यवहारावर उलाढाल कर कापला जातो, आणि ही सवलत तो कर भरलेल्या व्यवहारांसाठी आहे. न्यूयॉर्कच्या बाजारात घेतलेल्या शेअरवर तो कापला जायचा प्रश्नच नाही.

सोपो कोण घेतो, घरपट्टी कोण घेतो

पेडण्याहून एक बाई शुक्रवारी मिरच्या घेऊन म्हापशाच्या बाजारात बसते. म्हापशाची नगरपालिका तिच्याकडून सोपो घेते (घरासमोर बसायचा सोपो नव्हे, बाजारात बसल्याबद्दल द्यायचा). ती म्हापशाची नाही, तरी घेते, कारण धंदा तिथे झाला. संध्याकाळी ती घरी जाते. तिथल्या पंचायतीची घरपट्टीही तिला आहेच, कारण ती राहते तिथे. दोन हक्कदार, दोन वेगळी कारणं.

देशांचंही असंच चालतं. पैसा जिथे उगवतो तो देश म्हणतो, आमच्या बाजारात कमावलंस, आमचा वाटा दे. माणूस जिथे राहतो तो देश म्हणतो, तू आमच्या रस्त्यांवरून फिरतोस, आमच्या दवाखान्यात जातोस, जगात कुठेही कमावलंस तरी हिशेब आम्हाला दे. एकाच नफ्यावर दोघांनी हात मारू नये म्हणून देश आपसात करार करतात, आणि कुणी आधी घ्यायचं, किती घ्यायचं, दुसऱ्याने किती वजावट द्यायची ते लिहून ठेवतात. दुहेरी कर टाळण्याचा करार म्हणतात तो हाच.

शेजारच्या मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. अमेरिका अनिवासी परक्या माणसाकडून शेअर विकल्याच्या नफ्यावर साधारणपणे कर घेत नाही. तो त्यांचा निर्णय. म्हापशाने सोपो माफ केला म्हणून पेडण्याची घरपट्टी माफ होत नाही. ती फोंड्यात राहते, भारताची निवासी आहे, आणि निवाशाचं जगभरचं उत्पन्न भारतात करपात्र आहे. पैसे इथे आणले की नाही, याला काही किंमत नाही. शेअर विकला त्या दिवशी नफा झाला, मग रक्कम कॅलिफोर्नियातल्या खात्यात असो की फोंड्यातल्या.

पासपोर्टचा रंग विसरा

गोव्यात इथे हमखास घोटाळा होतो. 19 डिसेंबर 1961 पूर्वी जन्मलेल्या गोवेकरांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यावरून लोक गृहीत धरतात की पोर्तुगीज पासपोर्ट आला म्हणजे भारताचा कर सुटला. तसं नाही. भारत नागरिकत्वावर कर लावत नाही, राहण्यावर लावतो. पोर्तुगीज पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) घेऊन मडगावात बारा महिने राहणारा माणूस आयकरापुरता पक्का भारतीय निवासी आहे. त्याचे लिस्बनमधले, लंडनमधले, न्यूयॉर्कमधले सगळे शेअर इथल्या रिटर्नमध्ये आले पाहिजेत. उलट भारतीय पासपोर्टवर मस्कतला नोकरी करणारा अनिवासी ठरतो, आणि त्याच्या तिकडच्या शेअरशी भारताला देणंघेणं नसतं.

अमेरिका याला अपवाद आहे. आपल्या नागरिकांचा आणि ग्रीन कार्डवाल्यांचा पिच्छा ती जगात कुठेही सोडत नाही. घरात कुणाकडे ग्रीन कार्ड असेल तर पुढचं सगळं त्याला लागू धरू नका.

मग निवासी कोण? ढोबळ नियम असा: 1 एप्रिल ते 31 मार्च या वर्षात 182 दिवस किंवा जास्त भारतात असलात तर निवासी. दुसरी एक वाट आहे, त्या वर्षी 60 दिवस आणि मागच्या चार वर्षांत मिळून 365 दिवस. पण नोकरीसाठी परदेशी निघालेल्या भारतीय नागरिकाला त्या वर्षापुरती 60 ऐवजी 182 दिवसांची सवलत आहे. सुटीवर घरी येणाऱ्या अनिवाशालाही ती आहे, फक्त त्याचं भारतातलं उत्पन्न 15 लाखांवर असेल तर मर्यादा 120 दिवसांवर येते.

तारवट्यांचा हिशेब म्हणजे दिवसांचाच हिशेब. आमच्या वाड्यावरचा एक जण क्रूझवर असतो. चार वर्षांपूर्वी कंत्राट लांबलं नाही, तो सप्टेंबरअखेर उतरला आणि गणपती चुकले तरी नाताळ, शिगमा सगळं करून एप्रिलात गेला. घरच्यांनी नेहमीप्रमाणे अनिवासी म्हणून रिटर्न भरला. पुढे नोटीस आली तेव्हा सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) आणि पासपोर्ट टेबलावर पसरून, इमिग्रेशनचे शिक्के आणि साइन ऑन, साइन ऑफच्या तारखा लावून आम्ही बोटांवर दिवस मोजले. 187 भरले. सहा दिवस जास्त भरल्याने तो निवासी झाला होता, आणि त्या एका वर्षाचं परदेशी उत्पन्न तपासाखाली आलं. पुढल्या खेपेला त्याच्या बायकोने कालनिर्णयावरच दिवसांना गोल करायला सुरुवात केली. माझ्या मते आयकराचं इतकं चांगलं सॉफ्टवेअर दुसरं नाही.

कायमचं परतणाऱ्यांसाठी मधली एक पायरी आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. मागच्या 10 वर्षांपैकी 9 वर्षं अनिवासी असलात, किंवा मागच्या 7 वर्षांत मिळून 729 दिवसांपेक्षा जास्त भारतात नसलात, तर परतल्यावर सुरुवातीची वर्षं तुम्ही निवासी खरे, पण 'सामान्य निवासी' नव्हे. या काळात परदेशी शेअर विकून झालेला नफा भारतात करपात्र धरत नाहीत. वीस वर्षं कुवेतला काढून आलेल्याकडे परदेशी शेअर असतील आणि ते विकायचेच असतील, तर त्यासाठी सगळ्यात सोयीचा काळ हाच. लोक मात्र आधी घराचा स्लॅब घालतात, मग गाडी घेतात आणि तीन वर्षांनी शेअर आठवतात.

डॉलरमध्ये थोडा, रुपयात बराच

आता त्या मुलीचे आकडे. खरे थोडे बदलले आहेत.

तिला कंपनीचे 100 शेअर मिळाले तेव्हा भाव 50 डॉलर होता आणि डॉलर 75 रुपयांना. म्हणजे 3,75,000 रुपये. ही रक्कम त्याच दिवशी पगारात धरली गेली आणि त्यावर पगाराप्रमाणे कर कापला गेला. तिला वाटलं, कर भरून झाला, सुटलो. तो झाला शेअर मिळाल्याचा कर. विकल्याचा अजून बाकी होता.

तीन वर्षांनी तिने ते 60 डॉलरला विकले, तेव्हा डॉलर 85 रुपये. हातात आले 5,10,000. खरेदीची किंमत म्हणून आधी पगारात धरलेले 3,75,000 वजा करायचे. नफा 1,35,000 रुपये.

डॉलरमध्ये पाहिलं तर तिला फक्त 1,000 डॉलर, म्हणजे 85,000 रुपये सुटले. उरलेले 50,000 शेअरने मिळवून दिलेले नाहीत. रुपया घसरला म्हणून ते कागदावर उमटले. पण आयकर रुपयात मोजतात. खरेदी खरेदीच्या वेळच्या दराने आणि विक्री विक्रीच्या वेळच्या दराने रुपयात आणायची, ही सीए मंडळींची रूढ पद्धत. दर घ्यायचा तो स्टेट बँकेचा टीटी बाइंग (बँक आपल्याकडून परकीय चलन विकत घेते तो), आणि विक्रीच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. गुगलवर दिसतो तो नव्हे, अ‍ॅपवाला दाखवतो तोही नव्हे. यावर माझी आणि एका तरुण सीएची हुज्जत झाली होती. मी म्हणालो, घसरलेल्या रुपयावर कर घेणं अन्याय आहे. तो म्हणाला, "काका, तुमच्या आजोबांचं भाट पन्नास लाखांना गेलं, तेव्हा त्यातला किती भाग महागाईचा होता हे कुणी विचारलं?" 23 जुलै 2024 पासून महागाईची वजावट शेअरवर देत नाहीत, हे खरंच आहे. तरी मला तो अन्यायच वाटतो.

डॉलरमध्ये भाव जिथल्या तिथे राहिला, 50 ला घेतला आणि 50 लाच विकला, तरी या पद्धतीने 50,000 रुपयांचा नफा निघाला असता. 'मला काही सुटलंच नाही' म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण दोनदा वाचावं.

आता कर. 1,35,000 वर 12.5 टक्के म्हणजे 16,875, त्यावर उपकर 675, एकूण 17,550 रुपये. इथपर्यंतचा हिशेब पुण्यात, नाशकात, नागपुरात असाच झाला असता. गोव्यात थोडं थांबावं लागतं.

अर्धा तिचा, अर्धा त्याचा

मुंबईचा सीए गोव्याच्या माणसाचा रिटर्न भरतो तेव्हा हे हटकून विसरतो. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. धर्म कुठलाही असो. आयकर कायद्याने याची दखल घेतली ती कलम 5अ मध्ये. हे कलम 1994 च्या वित्त कायद्याने घातलं, पण 1 एप्रिल 1963 पासून लागू धरलं. पगार सोडून बाकी प्रत्येक प्रकारचं उत्पन्न दोघांत निम्मं वाटायचं आणि ज्याने त्याने आपापल्या रिटर्नमध्ये दाखवायचं, असा त्याचा नियम.

गंमत पाहा. शेअर मिळाले तेव्हाचे 3,75,000 पगारात मोडतात, म्हणून ते पूर्ण तिचे. पण विकल्यावरचा 1,35,000 चा नफा भांडवली, म्हणून 67,500 तिचे आणि 67,500 नवऱ्याचे. शेअर तिच्या नावावर, खातं तिचं, नवऱ्याला त्या कंपनीचं नाव धड उच्चारता येत नाही, तरी अर्धा नफा त्याच्या रिटर्नमध्ये.

याने कर वाढतो की घटतो? नवरा नोकरीत आणि चांगल्या पगारावर असेल तर काही फरक नाही, दर दोघांनाही तोच. पण हा नवरा त्या वर्षी बेकार होता. निवासी माणसाचं बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा कमी असेल तर उरलेली मर्यादा या नफ्यासाठी वापरता येते, आणि 2024-25 साठी करआकारणीच्या नव्या पद्धतीत ती मर्यादा 3 लाख होती. त्याच्या वाट्याचे 67,500 त्यात सहज मावले. घराचा कर 17,550 वरून 8,775 वर आला. तिचा चेहरा त्या संध्याकाळी पहिल्यांदा जरा उजळला. मग तिने विचारलं, "म्हणजे त्याच्या गाड्याच्या धंद्याचा अर्धा फायदाही माझ्या नावावर?" होय, तोही. तो धंदा तिथून पुढे सुरू झाला म्हणून बरं.

यासाठी रिटर्नमध्ये वेगळं परिशिष्ट आहे, 5अ नावाचंच. त्यात नवऱ्याचा किंवा बायकोचा पॅन द्यायचा, वाटणी दाखवायची. कापलेला टीडीएसही तिथेच वाटता येतो. ज्यांना हे कलम लागू आहे त्यांना सगळ्यात सोपा आयटीआर-1 चालत नाही, आणि परदेशी मालमत्ता असणाऱ्यांनाही नाही. आमच्या या मुलीला दोन्ही कारणांनी आयटीआर-2 भरायला हवा होता. ती चार वर्षं आयटीआर-1 भरत आली, कारण वेबसाइटवर तो 'सोपा' म्हणून आधी दिसतो.

"तिथे भरला की, मग परत इथे कशाला?"

हा प्रश्न ब्रिटनमधल्या गोंयकारांचा. स्विंडनला आमचा भाचा गोदामात सुपरवायझर आहे. पोर्तुगीज पासपोर्टवर गेला, आता तिथला पक्का रहिवासी. त्याच्या आईने त्याच्या नावावर घेतलेले भारतीय शेअर त्याने विकले. समजा नफा 5,50,000 रुपयांचा, आणि सोय म्हणून पौंड 110 रुपयांना धरू, म्हणजे 5,000 पौंड.

भारत म्हणतो, कंपनी आमची, बाजार आमचा. 1.25 लाख सोडून 4,25,000 वर 13 टक्के, म्हणजे 55,250 रुपये, साधारण 502 पौंड. निवाशाच्या विक्रीवर टीडीएस नसतो, अनिवाशाच्या असतो, तेव्हा ही रक्कम बहुतेक आधीच कापलेली असते.

ब्रिटन म्हणतो, तू आमच्याकडे राहतोस. तिथे वर्षाला 3,000 पौंड भांडवली नफा माफ, पुढे 18 किंवा 24 टक्के. भाचा खालच्या दरात बसतो. 2,000 वर 18 टक्के, 360 पौंड.

भारत-ब्रिटन करारात शेअरच्या नफ्यावर दोन्ही देशांनी आपापल्या कायद्याप्रमाणे कर घ्यावा असंच लिहिलं आहे. म्हणजे दोघेही घेणार. मात्र भाचा ब्रिटनचा रहिवासी, म्हणून ब्रिटनने भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट द्यायचं. ते मिळतं ब्रिटनच्या कराएवढंच: 360. त्याला ब्रिटनला काही द्यावं लागणार नाही, पण भारतात भरलेले वरचे 142 पौंड कुणी परत करणार नाही. दोन कर असले की शेवटी तुम्ही साधारण दोन्हींतल्या मोठ्या कराएवढी रक्कम भरता, असं लक्षात ठेवा. दोन्हींची बेरीज सहसा होत नाही, आणि लहान करावरही सुटका होत नाही. शिवाय तिथलं वर्ष 6 एप्रिलला सुरू होतं आणि आपलं 1 एप्रिलला, त्यामुळे मार्चअखेर घाई करून विकणाऱ्यांनी दोन कॅलेंडरं समोर ठेवावीत.

उलट दिशेनेही हेच. फोंड्यातल्या मुलीला त्या कंपनीचा लाभांश मिळतो, त्यावर अमेरिका 25 टक्के आधीच कापून घेते. भारतात तो पूर्ण लाभांश उत्पन्नात धरायचा (आणि नवऱ्याशी निम्मा वाटायचा), मग त्या 25 टक्क्यांचं क्रेडिट मागायचं. 2025-26 चा रिटर्न जुन्याच, 1961 च्या कायद्याने भरायचा आहे, तेव्हा क्रेडिटसाठी फॉर्म 67 हवा. 1 एप्रिल 2026 पासूनच्या उत्पन्नाला नवा 2025 चा कायदा लागू होतो. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण हा ढाचा तसाच आहे.

"दुबईत तर करच नाही"

बरोबर. आणि तरीही अबुधाबीत राहणाऱ्याने भारतीय कंपनीचा शेअर विकला की भारत कर घेतो, कारण अमिरातीशी झालेल्या करारात शेअरवरचा हक्क भारताकडे आहे. गंमत आहे ती म्युच्युअल फंडाची. करारात 'शेअर' असा शब्द आहे आणि म्युच्युअल फंडाचं युनिट म्हणजे शेअर नव्हे. न नमूद केलेल्या मालमत्तेचा नफा राहत्या देशातच करपात्र, असं शेवटचं कलम सांगतं. या मुद्द्यावर आयकर अपीलीय न्यायाधिकरणाने अमिरातीच्या आणि सिंगापूरच्या रहिवाशांच्या बाजूने निकाल दिले आहेत. त्यासाठी तिथल्या सरकारचं कर-निवासाचं प्रमाणपत्र लागतं, नुसता व्हिसा पुरत नाही. आणि असा दावा सीएशिवाय करू नये. न्यायाधिकरणाचा निकाल म्हणजे शेवटचा शब्द नव्हे.

असल्या शब्दांवर मोठमोठ्यांनी मोठमोठे डाव मांडले आहेत. मॉरिशसशी 1982 साली झालेल्या करारात भारतीय शेअरच्या नफ्यावर कर घ्यायचा हक्क मॉरिशसकडे होता, आणि मॉरिशस तो घेत नव्हतं. त्या वाटेने वर्षानुवर्षं गुंतवणूक आली. 2016 मध्ये करार बदलला आणि 1 एप्रिल 2017 पासून घेतलेल्या शेअरवर भारताने हक्क परत घेतला. 2007 मध्ये व्होडाफोनने हचिसनचा भारतातला मोबाइल धंदा घेतला तो केमन बेटांवरच्या एका कंपनीचे शेअर घेऊन. धंदा भारतात, शेअर केमनचा, कर कुणाचा? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2012 मध्ये व्होडाफोनच्या बाजूने कौल दिला, सरकारने त्याच वर्षी कायदा मागच्या तारखेपासून बदलला, सप्टेंबर 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय लवादात सरकार हरलं आणि 2021 मध्ये संसदेने ती मागची वसुली रद्द केली. चौदा वर्षांचा हा वाद मुळात म्हापशाच्या बाजारातलाच: माल कुठे विकला म्हणायचा?

"एवढ्याशा रकमेचं कुणाला कळतंय?"

कळतं. शंभराहून जास्त देश एकमेकांना बँक आणि ब्रोकर खात्यांची माहिती दरवर्षी आपोआप पाठवतात, आणि अमेरिकेशी भारताचा असा करार 2015 पासून आहे. नोव्हेंबरचे ते एसएमएस त्यातूनच आले. आणि इथे रकमेपेक्षा लपवणं महाग पडतं. परदेशी मालमत्ता रिटर्नमधल्या त्यासाठीच्या परिशिष्ट एफएमध्ये न दाखवल्यास 2015 च्या काळा पैसा कायद्याखाली 10 लाखांचा दंड होऊ शकतो, मग मालमत्ता कितीही असो. 1 ऑक्टोबर 2024 पासून जमीन-घर सोडून बाकी परदेशी मालमत्ता एकूण 20 लाखांपर्यंत असेल तर हा दंड लागत नाही. दाखवायची जबाबदारी मात्र सुटत नाही.

अ‍ॅपवरून अमेरिकन शेअर घेणाऱ्यांसाठी आणखी एक. वर्षाला 2.5 लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. गुंतवणुकीसाठी 10 लाख रुपयांवर पाठवलं तर वरच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस घेते. तो वेगळा कर नाही, आगाऊ जमा झालेली रक्कम आहे. रिटर्नमध्ये वळती होते किंवा परत मिळते. एका तरुणाने तो खर्च समजून तीन वर्षं मागितलाच नव्हता.

त्या संध्याकाळी आम्ही सुधारित रिटर्नची यादी केली. ब्रोकरचं स्टेटमेंट, शेअर मिळाले त्या तारखांची कंपनीची पत्रं, लाभांश कापल्याचा कागद, स्टेट बँकेचे महिनाअखेरचे दर, दोघांचे पॅन. परिशिष्ट एफए भरायला घेतलं तेव्हा ती म्हणाली, "फेब्रुवारीतले शेअर पण घालू ना?" 2025 च्या फेब्रुवारीत तिला आणखी शेअर मिळाले होते. आम्ही भरत होतो तो 2024-25 चा रिटर्न, म्हणजे मार्च 2025 पर्यंतचा. पण परिशिष्ट एफए जानेवारी ते डिसेंबर चालतं, त्यामुळे त्यात 31 डिसेंबर 2024 पर्यंतचंच यायचं. ते शेअर पगारात दाखवायचे या वर्षी, आणि एफएमध्ये पुढच्या. नवऱ्याने डोक्याला हात लावला. तोवर चहा गार झाला होता, तो आमच्या हिने परत तापवायला नेला.